भूमिउपयोग नियंत्रण, ग्रामीण

महानगरपालिका, नगरपरिषद, छावणी मंडळ यांसारख्या नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दीबाहेरील जमिनीचा वापर कोणत्या प्रयोजनासाठी व्हावा आणि कोणत्या प्रयोजनासाठी होऊ नये, यासंबंधी शासनाने कायद्याने घातलेले निर्बंध व ते अंमलात आणणारी यंत्रणा. शहरात असे नियंत्रण विकासयोजना, रस्त्यांची आखणी व बांधकामाचे नियम यांच्या द्वारा होते आणि ते अंमलात आणणारी संस्था सामान्यतः तेथील नागरिकांनी निवडलेली असते. नागरी हद्दीबाहेर अशी एकच एक संस्था नसते. तेथील जमिनीच्या एकाच तुकड्यावर महसूल, वन, खारभूमी, उद्योग, नगररचना व पर्यावरण अशा अनेक खात्यांचे कायदे एकाच वेळी चालतात. त्यांचे हेतू भिन्न असतात व क्वचित परस्परविरोधीही असतात.

नियंत्रणाची आधुनिक कल्पना मुख्यतः नगररचनेतून आलेली आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने जमिनीचा विकास करण्याचा हक्क मालकीपासून वेगळा काढून तो परवानगीवर अवलंबून ठेवला. मात्र शेती व वनसंवर्धन यांसाठी होणारा वापर ‘विकास’ या संज्ञेतून वगळला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन राज्याचा जवळजवळ अर्धा भाग कोणत्याही नगराच्या शासनाखाली येत नाही. या असंघटित प्रदेशातील सु. एक कोटी एकर जमिनीचे नियोजन करण्यासाठी व परवाने देण्यासाठी त्या राज्याने १९६९ च्या कायद्यान्वये स्वतंत्र आयोग निर्माण केला; २०१२ मध्ये त्याचे नाव व रचना बदलण्यात आली. महाराष्ट्रात असा संस्थाविहीन प्रदेश नाही. गाव तेथे ग्रामपंचायत, एकटी किंवा गटाची, आहेच. परंतु बांधकामास परवानगी देण्याचा ग्रामपंचायतीचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावठाणापुरता ठेवला. गावठाणाबाहेरचे सर्व शिवार, म्हणजे गावाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग, जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकाराखाली राहिला. या अर्थाने कोकणातील शिवार हेही राज्यशासनाच्या थेट नियंत्रणाखालील क्षेत्र होय.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. पश्चिमेस धरमतरच्या खाडीलगत पेणचा खारेपाट, मध्ये भातखाचरांची सपाटी, तिच्या कडेने वरकस माळ आणि पूर्वेस सह्याद्रीच्या फाट्यांवरील जंगल अशी रचना येथे थोड्या अंतरात आढळते. पाताळगंगा, भोगावती व अंबा या नद्या धरमतरच्या खाडीस मिळतात. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीस मिळते. पाऊस वार्षिक सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत संपतो आणि उन्हाळ्यात खारेपाटातील गावांना पिण्याच्या पाण्याचीही टंचाई भासते. मुंबई–गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे व कोलाडवरून जातो. कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. मुंबईचे सान्निध्य हा या दोन्ही तालुक्यांतील जमिनीच्या प्रश्नाचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रबळ घटक ठरला.

महसुली उगम : भूमिउपयोगावरील नियंत्रण येथे प्रथम आले ते नियोजनासाठी नव्हे, तर साऱ्यासाठी. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने जमिनीची आकारणी तिच्या वापरानुसार ठरविली. शेतीसाठी आकारलेल्या जमिनीवर कब्जेदाराने शेतघर बांधावे, विहीर खणावी, जमिनीची सुधारणा करावी, यास मुभा होती. अन्य कोणत्याही उपयोगासाठी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी व वाढीव आकारणी आवश्यक झाली. विनापरवाना वापर करणाऱ्यास दंड होई व जमीन काढून घेण्याचाही अधिकार शासनास होता. अर्जावर तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशीही तरतूद त्यात होती. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिने हीच चौकट कायम ठेवली. कलम ४१ शेतकऱ्याने परवानगीवाचून काय करावे ते सांगते, कलम ४२ परवानगीची अट घालते, कलम ४४ तिची पद्धत सांगते व कलम ४५ दंडासंबंधी आहे. शासनाचे मौन ९० दिवसांनंतर संमती मानण्याची तरतूदही कलम ४४ मध्ये चालू राहिली. बोलीभाषेत ‘एन. ए. करणे’ म्हणून जी क्रिया ओळखली जाते, ती हीच.

या व्यवस्थेत जमिनीचा ‘उपयोग’ म्हणजे मुख्यतः दप्तरातील नोंद. गाव नमुना सात हा हक्कांचा व बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा उतारा होतो. पिकाची नोंद तलाठ्याने प्रत्यक्ष पाहणी करून घ्यावयाची. २०२१ पासून ती ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्यानेही नोंदवावी, अशी योजना झाली. पड, पोटखराबा, वरकस या शब्दांना त्यामुळे मोठे महत्त्व आले आहे. एखादे भातखाचर काही वर्षे पडीक नोंदले गेले, तर संपादनाच्या वेळी त्याचे मोल, नुकसानभरपाईस पात्रता व त्यावरील पुढील दावे या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो.

वन व वरकस : भाताचे रोप तयार करण्यासाठी कोकणातील शेतकरी राब भाजतो. शेण, झाडांच्या फांद्या (टहाळ), पालापाचोळा व गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून, त्यावर माती टाकून पावसाळ्यापूर्वी ते पेटवून देतात. यासाठी ऐनासारख्या झाडांची टहाळ व वरकस जमिनीवरील गवत लागते. म्हणून भातखाचर आणि डोंगर हे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकाच शेताचे दोन भाग होते. १८७८ च्या वन अधिनियमाने ते वेगळे केले. वने राखीव व संरक्षित अशा वर्गांत विभागली गेली, टहाळ तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तीव्र तक्रारी झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राब ही शेतीची आवश्यक गरज आहे की वनाची नासाडी, हा त्या चौकशीतील एक मध्यवर्ती प्रश्न होता. कोकणातील शेतजमीन व वन यांच्यातील सीमेचा वाद तेव्हापासून पूर्णपणे मिटलेला नाही.

१९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे आली. कोकणातील अनेक लहान खातेदारांचे माळ त्यात गेल्यामुळे १९७८ मध्ये दुरुस्ती करून एकूण धारण १२ हेक्टरपर्यंत असलेल्यांना जमीन परत देण्याची सोय करण्यात आली. पूर्वीच्या केवळ एका नोटिशीच्या आधारे जमीन खाजगी वन ठरते काय, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी दिला. नोटीस काढणे एवढेच पुरेसे नाही, असा त्याचा आशय आहे. दरम्यान १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीचा वनेतर उपयोग केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेवर अवलंबून ठेवला होता.

खारभूमी : पेण तालुक्याचे वैशिष्ट्य म्हणजे भरतीच्या पाण्याखालून काढलेली भातजमीन. खाडीच्या कडेने मातीचा बांध (बाहेरकाठा) घालून समुद्राचे पाणी अडवितात. बांधात जागोजागी उघाडी असतात. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते आणि भरती येताच त्यांची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात. पहिल्या काही पावसाळ्यांत माती धुऊन निघते व खार सोसणारी तांबड्या दाण्याची राता भातासारखी वाणे तीत येऊ लागतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी सुधारित वाणेही दिली आहेत. बांध हीच या शेतीची पूर्वअट होय. एका उधाणात बांधाला खांड पडली, तर शेकडो एकरांत खारे पाणी शिरते व ते क्षेत्र पुढील काही वर्षे नापीक होते.

अशा सामाईक बांधाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाभोवती खारेपाटातील भूमिव्यवस्थेचा इतिहास गुंफलेला आहे. शासकीय यंत्रणा येण्यापूर्वी दोन व्यवस्था होत्या. पहिली शिलोत्री. स्वखर्चाने बांध घालून जमीन काढणारा शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी आणि त्याबद्दल कुळांकडून साऱ्याव्यतिरिक्त भाताच्या रूपाने हक्क घेई. दुसरी गावकऱ्यांची जोळ पद्धती. बांध फुटला की खारातील प्रत्येक घरातून माणूस कामास जावा, हा तिचा नियम. दोन्ही व्यवस्थांत जमिनीचा उपयोग आणि बांधाची निगा ही एकाच समूहाच्या हातात होती. शिलोत्रीदार पुढे बांधाकडे दुर्लक्ष करून केवळ भात वसूल करू लागले, अशा तक्रारी वाढल्या. १९५५ च्या मुंबई शिलोत्री हक्क (कुलाबा) निर्मूलन अधिनियमाने त्यांचे हक्क नष्ट केले. एकाच जिल्ह्यातील एका भूधारणपद्धतीसाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला, यावरून तिचे स्थानिक महत्त्व कळून येते.

तत्पूर्वी १९४८ मध्ये मुंबई खारभूमी अधिनियम संमत झाला होता. त्याअन्वये खारभूमी मंडळ स्थापन झाले व बांधांच्या योजना शासन आणि जमीनधारक यांच्या सामाईक खर्चाने घेण्यात येऊ लागल्या. १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने त्याची जागा घेतली. शासकीय योजनांतील बांधांची बांधणी व दुरुस्ती शासनाकडे आली आणि लाभधारकांवर उपकर बसविण्याची तरतूद झाली. खाजगी योजना या व्यवस्थेबाहेर राहिल्या. परिणामी दोन शेजारच्या खारांपैकी एकाचा बांध खात्याच्या यादीत आणि दुसऱ्याचा नाही, अशी स्थिती निर्माण झाली. उधाणाचे पाणी मात्र असा भेद करीत नाही. जोळ पद्धती बांध सरकारी झाल्यावर सैल पडली. बांध आपला नाही ही भावना आणि मुंबईकडील रोजगाराची ओढ ही त्याची दोन कारणे समजली जातात.

यातून आजचा सर्वांत अवघड प्रश्न उद्‌भवला आहे. बांध फुटून खारे पाणी वर्षानुवर्षे आत येत राहिले, की पडीक भातशेतात तिवरे उगवतात व काही काळाने तेथे कांदळवन होते. किनाऱ्यावरील बांधकामास आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा विनियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. तिच्या जागी २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यातील कांदळवनांची तोड थांबविली व शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वने म्हणून जाहीर करावयास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने हे संरक्षण मालकीचा विचार न करता लागू केले. किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच आहेत. कांदळवन लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते आणि माशांच्या पैदाशीस आसरा देते. खारबांधाच्या बाहेरील तिवरांमुळे खुद्द बांधही टिकतो. तथापि बांधाच्या आतील बाजूचे काय? १९९१ पूर्वी बांध किंवा उघाडी अस्तित्वात असल्यास भरतीची रेषा बांधापाशी थांबलेली मानावी, असे २०१९ च्या अधिसूचनेत म्हटले आहे. परंतु खारे पाणी शिरल्यामुळे बांधाच्या आत कांदळवन उगवले असेल, तर ते क्षेत्र लहान असो वा मोठे, सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गातच गणावे, असेही तीच अधिसूचना सांगते. म्हणजे सातबाऱ्यावर भातशेती असलेली जमीन प्रत्यक्षात तिवरांखाली गेली, तर मालकास ती तोडून पुन्हा लावणी करता येत नाही. बांध वेळेवर दुरुस्त न झाल्याचा परिणाम अशा रीतीने जमिनीच्या उपयोगात कायमचा बदल होण्यात होतो, आणि तो बदल कोणाच्याही अर्जाशिवाय व कोणाच्याही परवानगीशिवाय घडतो. एका शासकीय खात्याच्या विलंबामुळे दुसऱ्या खात्याचे नियंत्रण लागू व्हावे, ही या नियमनव्यवस्थेतील विसंगती पेणच्या खारेपाटात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

कुळकायदा व हस्तांतरावरील निर्बंध : कोणी जमीन धारण करावी हे ठरविणारे कायदे अप्रत्यक्षपणे तिचा उपयोगही ठरवितात. कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्धचा असंतोष तीव्र होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घकाळ चाललेला शेतकऱ्यांचा संप त्याचे द्योतक होय. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. खोती निर्मूलनाचा अधिनियम १९४९ चा आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळांना जमिनीचे खरेदीदार मानले. त्याच अधिनियमाचे कलम ६३ शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकण्यास बंदी करते आणि कलम ४३ कुळाला मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरास परवानगीची अट घालते. सलग दोन वर्षे पडीक ठेवलेल्या जमिनीची व्यवस्था शासनाने हाती घ्यावी, असेही एक कलम (६५) त्यात आहे.

१९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमाने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. कोकणातील भातखाचरे मुळातच काही गुंठ्यांची असल्याने व वारसांत वाटणी प्रत्यक्षात होतच असल्याने येथे तो कायदा कागदावर एक व शिवारात दुसरा असा राहिला. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे कमी करण्यात आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईकरांच्या शेतघरांची मागणी वाढली तेव्हा या निर्बंधांची खरी कसोटी लागली. कलम ४१ मधील शेतघर हे अवजारे, गुरे व धान्य ठेवण्यासाठी आणि शेतकऱ्याच्या निवासासाठी अभिप्रेत होते. मुंबई महानगर प्रदेशासारख्या क्षेत्रांत धारण ०.४ हेक्टरपेक्षा (सु. एक एकर) कमी असल्यास ते बांधता येऊ नये, अशी मर्यादा पुढे घालण्यात आली. तरीही शेतकरी असल्याचा दाखला मिळवून एकरभर माळ घ्यावा, त्याला कुंपण घालावे व त्यात बंगला बांधावा, हा प्रकार सर्रास झाला. कायद्याच्या भाषेत असा बंगला शेतीचाच उपयोग ठरतो.

प्रादेशिक नियोजन : नगररचनेचे १९१५ व १९५४ चे मुंबई अधिनियम मुख्यतः नागरी संस्थांच्या हद्दीपुरते होते. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबई व पुणे परिसरांच्या प्रादेशिक नियोजनाची शिफारस केली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (अंमल ११ जानेवारी १९६७) याने ‘प्रदेश’ हे नियोजनाचे नवे एकक निर्माण केले व ग्रामीण जमीन प्रथमच नगररचनेच्या कक्षेत आणली. त्याच्या कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच शेतीव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी जमिनीचा वापर बदलावयाचा झाल्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ब्रिटिश कायद्याप्रमाणे येथेही शेतीस परवानगीची गरज नाही. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. तीत पेण तालुक्याचा काही भाग होता व पुढे प्रदेशाची हद्द वाढविण्यात आली. रोहा तालुका रायगडच्या स्वतंत्र प्रादेशिक योजनेखाली येतो. म्हणजे एकमेकांस लागून असलेल्या या दोन तालुक्यांचे नियोजन वेगवेगळ्या आराखड्यांनी झाले.

प्रादेशिक योजना जमिनीचे नागरीकरणयोग्य, औद्योगिक, हरित, वन इ. विभाग पाडते. हरित विभागात शेती व तिच्याशी निगडित उपयोगच सामान्यतः मान्य असतात. नकाशाचे प्रमाण लहान असल्याने एका रेघेच्या जाडीत कित्येक खातेदारांची शेते येतात. रेघेच्या अलीकडील व पलीकडील जमिनीच्या किमतींत मात्र मोठी तफावत पडते. विभाग बदलण्याची मागणी करणारे अर्ज सतत येत राहतात, त्याचे कारण हेच. विकास नियंत्रणाचे नियम राज्याच्या बहुतेक भागांसाठी २ डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने सारखे करण्यात आले. त्यांत प्रादेशिक योजनांची क्षेत्रेही समाविष्ट आहेत.

दुसऱ्या बाजूने परवानगीची अट हळूहळू शिथिल होत गेली आहे. १९९४ मध्ये महसूल संहितेत कलम ४४-अ घालून खऱ्याखुऱ्या औद्योगिक उपयोगासाठी, ठराविक अटींवर, पूर्वपरवानगी अनावश्यक ठरविली. २०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनी (कलमे ४२-अ ते ४२-ड) आराखड्यात दर्शविलेल्या उपयोगासाठी वेगळी बिनशेती परवानगी घेण्याची आवश्यकता काढून टाकली. निवासी उपयोगाच्या बाबतीत गावठाणाच्या हद्दीपासून २०० मी.पर्यंतच्या जमिनीसही, रूपांतर कर व आकारणी भरल्यावर, हा लाभ मिळतो. महसुली परवानगी व नियोजनाची परवानगी असे दुहेरी काम वाचले, हा या बदलाचा गुण. मात्र त्यामुळे प्रादेशिक योजनेच्या नकाशाचे महत्त्व आणखी वाढले. पूर्वी जिल्हाधिकारी प्रत्येक अर्जाच्या वेळी जे तपासू शकत असे, ते आता नकाशा करतानाच तपासावे लागते.

संपादन व विशेष क्षेत्रे : शासन निर्बंध घालूनच नव्हे, तर जमीन संपादन करूनही तिचा उपयोग बदलते. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. तेथे मुख्यत्वे रासायनिक कारखाने आले. महामंडळाच्या क्षेत्रात नियोजनाचा अधिकार महामंडळाकडे असतो, ग्रामपंचायतीकडे नाही. कुंडलिकेच्या पाण्याचे प्रदूषण मात्र क्षेत्राच्या हद्दीबाहेरील गावांना सोसावे लागले.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमानंतर पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील ४५ गावांची जमीन एका खाजगी विकासकाच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली घेण्याचे ठरले. यांपैकी पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. ज्या जमिनीस ओलितासाठी सार्वजनिक खर्चाने धरण बांधले, तीच ओलिताखाली येण्यापूर्वी बिनशेती करावी काय, असा प्रश्न शेतकऱ्यांनी उपस्थित केला, प्रा. एन. डी. पाटील यांनी या विरोधाचे नेतृत्व केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी या २२ गावांतील खातेदारांचे मत शासनाने मतदान घेऊन अजमाविले. भूसंपादनाच्या कायद्यात अशा मतदानाची तरतूद नव्हती, त्यामुळे त्याचा कौल शासनावर बंधनकारक नव्हता. तरी भूमिउपयोगाविषयी खातेदारांना थेट विचारले गेल्याचे हे देशातील फार विरळ उदाहरण होय. बहुसंख्य खातेदारांनी प्रकल्पास विरोध दर्शविल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. अधिनियमाच्या कलम ११-अ नुसार घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादनाची कार्यवाही व्यपगत होते. प्रस्तुत प्रकल्पासाठी संपादन पूर्ण झाले नाही. १८९४ चा अधिनियम रद्द होऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन अधिनियम लागू झाला. त्यात काही प्रकारच्या संपादनांसाठी बाधित कुटुंबांची संमती व बहुपीक ओलिताच्या जमिनीविषयी विशेष मर्यादा घातलेली आहे.

विमानतळाच्या परिसरासाठी २०१३ मध्ये सिडको (शहर व औद्योगिक विकास महामंडळ) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले. अधिसूचित २७० गावांत पेण तालुक्यातील गावेही होती. २०२४ मध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. अशा प्रकारे एका पिढीच्या काळात पेणमधील काही गावांची शिवारे जिल्हाधिकारी, सिडको व महानगर प्राधिकरण यांच्या अधिकाराखाली आळीपाळीने आली आहेत.

वाड्या व दळी जमिनी : गावठाण हा निर्बंधांपासून मोकळा असा गावाचा गाभा, महसूल संहितेच्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकारी त्याची हद्द ठरवितो. पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी व ठाकर यांच्या अनेक वाड्या या हद्दीबाहेर आहेत. काही वनजमिनीवर, तर काही खाजगी मालकांच्या माळावर वसल्या. जमीनमालकांनी मजुरांच्या सोयीसाठी त्या वसवून घेतल्या होत्या. मुंबईच्या सान्निध्यामुळे माळाला किंमत आली आणि तो विकला गेला, की वाडीचे अस्तित्वच प्रश्नांकित होते. कुळवहिवाट अधिनियमातील कलमे १६ ते १८ कुळे, शेतमजूर व कारागीर यांना स्वखर्चाने बांधलेल्या घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करतात; परंतु वाडीच्या वहिवाटीचा लेखी पुरावा बहुधा नसतो व सातबाऱ्यावर तेथे गवत किंवा पड एवढीच नोंद असते. गावठाणापासूनच्या २०० मी.ची वर सांगितलेली सवलतही अशा वाडीस मिळत नाही, कारण दप्तराच्या दृष्टीने वाडी हे गावठाण नव्हे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे त्या क्षेत्रांतील ग्रामसभांचे विशेष अधिकारही येथे नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन आदिवासीतर व्यक्तीस हस्तांतरित करण्यावर संहितेच्या कलम ३६-अ ने १९७४ पासून निर्बंध घातला. ज्याचे नाव उताऱ्यावरच नाही, त्यास त्याचा उपयोग होत नाही.

दळी जमिनींची स्थिती याहून निराळी आहे. डोंगरउतारावर नाचणी, वरी यांसारखी पिके घेण्यासाठी ब्रिटिश अमदानीत कातकरी व ठाकर यांना वनातील तुकडे देण्यात आले. त्यांची नोंद वन खात्याच्या दप्तरात राहिली, महसूल दप्तरात आली नाही. कसणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, पण नोंदी बहुधा मूळ नावांवरच राहिल्या. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना ४ हेक्टरच्या मर्यादेत हक्क मान्य केला. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, नंतर उपविभागीय समितीकडे व अखेर जिल्हा समितीकडे जातो. येथे वन खात्याची जुनी दळीची नोंदच पुरावा म्हणून कसणाऱ्याच्या उपयोगी पडू शकते. मान्य झालेला हक्क वारसाने चालतो, तो विकता येत नाही आणि त्याची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे होते.